मुक्या बंदुकीचा इतिहास

हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम हा गृहस्थ उतारवयात जवळजवळ ठार बहिरा झाला होता, आणि या बहिरेपणाचे कारण त्याने स्वतःच्या हातांनी घडविले होते. १८८४ च्या सुमारास लंडन शहरातील हॅटन गार्डन येथील आपल्या लहानशा कारखान्यात त्याने स्वतःच्याच धक्क्याच्या जोरावर पुनःपुन्हा भरली जाणारी व उडणारी बंदूक सिद्ध केली. मिनिटास सहाशेच्या घरात गोळ्या ओकणारे ते यंत्र राजेरजवाडे, सेनापती व परदेशचे वकील यांच्यापुढे चालवून दाखविण्यात त्याची वर्षेच्या वर्षे गेली. बघे लोक कानांवर हात ठेवून दूर उभे राहू शकत. यंत्राच्या जनकाला मात्र यंत्रापाशीच राहावे लागे.

या यंत्राने १८९३-९४ साली आजच्या झिंबाब्वेतील मॅटाबेले योद्ध्यांची दाणादाण केली. १९०१ साली त्याच्या जनकाला इंग्लंडच्या दरबाराकडून 'सर' हा किताब मिळाला. स्वतः छातीच्या विकाराने त्रस्त असल्यामुळे याच माणसाने औषधी वाफ ओढण्याचे एक उपकरणही केले होते. त्याबद्दल मात्र त्याला नावेच ठेवण्यात आली. माणसे मारण्याचे यंत्र काढले तर मान मिळतो आणि दुःख हलके करण्याचे काढले तर नाचक्की होते, अशा अर्थाची तक्रार त्याने आपल्या आत्मचरित्रात करून ठेवली आहे. १९१६ च्या नोव्हेंबरात तो वारला, तेव्हा त्याच्या यंत्राची भावंडे युरोपच्या खंदकांतून दोन्ही बाजूंनी धडाडत होती.

बापाने जगाला हा धडाका दिला आणि मुलाने तो धडाका मुका करण्याची युक्ती काढली, हा योगायोग मोठा विलक्षण आहे. मुलगा हायरम पर्सी मॅक्झिम १८६९ साली ब्रुकलिन येथे जन्मला. बाप १८८१ साली पॅरिसच्या विद्युत् प्रदर्शनासाठी म्हणून जो युरोपात गेला तो तिकडचाच झाला. मुलगा आईजवळ अमेरिकेत वाढला. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्र संस्थेतून १८८६ साली पदवी घेऊन तो पुढे हार्टफर्ड शहरी मोटारगाड्यांच्या धंद्यात शिरला. नवीन निघालेल्या मोटारीच्या इंजिनाचा धडधडाट आणि बंदुकीचा बार या दोहोंचे मूळ एकच, हे त्याच्या ध्यानात आले होते. स्नानाच्या टबातील पाणी मोरीच्या भोकातून भोवरा करीत जाताना पाहून त्याला उपाय सुचला, असे सांगतात. ३० मार्च १९०९ रोजी त्याला बंदुकीच्या आवाजरोधकाचे पेटंट मिळाले. त्याने या वस्तूचे नाव 'सायलेन्सर' असे ठेवले. आज जाणकार लोक तिला 'सप्रेसर' म्हणतात, व तेच नाव अधिक खरे आहे, हे पुढे दिसेलच. नभोवाणीच्या श्रोत्यांना या माणसाची आणखी एक ओळख द्यावयास हवी. १९१४ साली अमेरिकेत हौशी बिनतारी संदेशकांची जी मोठी संघटना स्थापन झाली, तिच्या दोघा संस्थापकांपैकी हा एक होता. एका हाताने आवाज दाबावा आणि दुसऱ्या हाताने संदेश दूरदूर पोहोचवावा, असा त्याचा दुहेरी उद्योग होता.

त्याच्या युक्तीचे मर्म समजण्यास फार शास्त्र लागत नाही. सोड्याच्या बाटलीचे बूच एकदम उडाले तर ठणका आवाज होतो. तेच बूच हळूहळू सैल केले तर नुसता फुसकारा ऐकू येतो. बंदुकीतही तसेच आहे. काडतुसातील दारू पेटली म्हणजे तिचा तप्त वायू होतो, गोळीला पुढे रेटतो, आणि गोळी नळीबाहेर पडताक्षणी तिच्या मागोमाग बाहेरच्या हवेवर आदळतो. मॅक्झिमने नळीच्या तोंडाशी कप्प्याकप्प्यांचे एक नळकांडे बसविले. गोळी मधल्या छिद्रातून सरळ निघून जाते, वायू मात्र कप्प्यांत घुटमळतो, फिरतो, निवतो आणि मग बाहेर येतो.

असे असले तरी चित्रपटात जो 'फुस्' असा नाजूक आवाज ऐकवितात, तो शुद्ध कल्पनाविलास होय. रायफलीचा बार नेमबाजाच्या कानाशी १६० डेसिबलच्या आसपास भरतो. चांगले नळकांडे त्यातून २५ ते ३० डेसिबल वजा करते. म्हणजे कानठळ्या बसणे टळते एवढेच. १४० डेसिबलची जी धोक्याची रेषा मानतात तिच्या खाली आवाज येतो, पण तो मौनाच्या जवळपासही नसतो. आणि मुख्य अडचण याहून वेगळीच आहे. रायफलीला एक नव्हे, दोन आवाज असतात.

या दुसऱ्या आवाजाचा पत्ता सायलेन्सरच्या आधी वीस-बावीस वर्षे लागला होता. १८८६ साली एड्रियाटिक समुद्राच्या काठी फ्यूमे या बंदरात, आजच्या क्रोएशियातील रियेका शहरात, ऑस्ट्रियन नौदलाच्या विद्यालयातील प्राध्यापक पेटर झाल्खर यांनी प्राग येथील अर्न्स्ट माख यांच्या सूचनेवरून उडत्या गोळीची छायाचित्रे घेतली. होडीच्या नाळीपासून दोन्ही बाजूंना पाण्याच्या लाटा फाकतात, तशा हवेच्या लाटा गोळीच्या टोकापासून फाकलेल्या त्या छायाचित्रांत स्पष्ट दिसल्या. ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४० मीटर. त्याहून वेगाने जाणारी वस्तू आपल्यापुढची हवा फाडीत जाते आणि त्या फाटण्याचा कडकडाट होतो. पोतराज आपला आसूड ओढतो तेव्हा होणारा कडाका आपल्याकडे गावोगाव ऐकलेला आहे. तो अंगावर बसलेल्या माराचा आवाज नसतो, आसुडाच्या टोकाने ध्वनीला मागे टाकल्याचा असतो. रायफलीची गोळी हा आसूड आपल्या सबंध वाटेवर ओढीत नेते. नळीच्या तोंडाशी काहीही बसविले तरी नळी सोडून गेलेल्या गोळीवर त्याची सत्ता चालत नाही.

म्हणून मॅक्झिमचे नळकांडे अमेरिकन सैन्याने स्प्रिंगफिल्ड रायफलीवर चढवून पाहिले, तेव्हा बार दबला पण कडाका राहिला. शत्रूला आपल्यावर गोळी झाडली गेली हे कळे. ती कोठून झाडली हे मात्र उमगत नसे, कारण कडाका नेमबाजाच्या जागेहून नव्हे, गोळीच्या वाटेवरून येतो. लष्करी दृष्टीने हा लाभ काही लहान नव्हे. परंतु खरोखरच मुकी बंदूक हवी असेल तर गोळीला ध्वनीहून मंद चालविण्यावाचून गत्यंतर नाही, आणि येथून या इतिहासाला हिशेबाचे वळण लागते.

आपल्या पोलिसांच्या खांद्यावर पिढ्यान् पिढ्या दिसलेली थ्री-नॉट-थ्री रायफल घ्या. तिची गोळी सुमारे ११ ग्रॅमची, वेग सेकंदास साधारण ७४० मीटर. तिच्यातील शक्ती ३००० ज्यूलच्या थोडी वर जाते. हीच गोळी दारू कमी करून ३२० मीटरच्या वेगाने सोडली, तर शक्ती ६०० ज्यूलच्याही खाली येते. वेग निम्म्याहून कमी झाला, पण शक्ती पाचवा हिस्साही उरली नाही, कारण शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. शिवाय मंद गोळी लवकर खाली झुकते. सेकंदास ३०० मीटर जाणाऱ्या गोळीला ३०० मीटरचे अंतर कापण्यास एक सेकंद लागतो, आणि एका सेकंदात कोणतीही वस्तू जवळजवळ पाच मीटर खाली येते. अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम पार हुकतो. वेगाला ३४० ची वेस घातली आहे. तेव्हा गमावलेली शक्ती परत मिळविण्याचा मार्ग एकच उरतो, तो म्हणजे गोळीचे वजन वाढविणे. वजनदार गोळी म्हणजे जाड नळी. मुक्या बंदुकीचा इतिहास मोठ्या तोंडाच्या बंदुकीकडे वळला तो या साध्या गणितामुळे.

दुसऱ्या महायुद्धात हे गणित एका इंग्रजाने फार सुंदर सोडविले. विल्यम गॉडफ्रे डी लाइल हा विमान-उत्पादन खात्यातील अभियंता होता. त्याने पहिला नमुना खासगी हौस म्हणून .२२ च्या छोट्या काडतुसासाठी केला आणि तो मोटारशर्यतींतील विख्यात वीर सर माल्कम कॅम्बेल यांना दाखविला. कॅम्बेल तेव्हा संयुक्त मोहिमांच्या कचेरीत अधिकारी होते. चाचणीसाठी डी लाइलने लंडनमधील न्यू अडेल्फी इमारतीची गच्ची निवडली. तेथून त्याने थेम्स नदीत गोळ्या झाडल्या, आणि खाली रस्त्याने चाललेल्या लोकांपैकी कोणीही मान वर करून पाहिले नाही. एवढ्या मोठ्या शहरात भर वस्तीत अशी चाचणी घेण्याचे धाडस आज कोणी करू देणार नाही. पण युद्धकाळी बऱ्याच गोष्टी चालून जातात.

सैन्यासाठी जी बंदूक झाली तीत डी लाइलने नवे काडतूस शोधण्याच्या फंदात न पडता अमेरिकन पिस्तुलाचे .४५ चे काडतूस घेतले. हे काडतूस जन्मतःच मंदगती आहे. त्याची गोळी साडेअकरा मिलिमीटर जाड, सुमारे १५ ग्रॅम वजनाची, आणि वेग सेकंदास अडीचशे मीटरच्या थोडा वर; म्हणजे कडाक्याचा प्रश्नच नाही. नळी टॉमसन बंदुकीची, सांगाडा ली-एनफिल्ड रायफलीचा, आणि नळीभोवती हातभर लांबीचे जाडजूड नळकांडे, अशी ती जुळणी होती. प्रत्येक गोळीनंतर खटका हाताने मागेपुढे करावा लागे. पण तीही सोयच होती, कारण आपोआप चालणाऱ्या भागांचा खडखडाट वाचला. गोळी सुटल्याच्या आवाजापेक्षा खटका ओढल्याचा आवाज अधिक होतो, असे ही बंदूक हाताळणारे सांगत. मूळ पाचशेची मागणी कमी होत होत शेवटी या बंदुका सव्वाशे-दीडशेच्या दरम्यानच झाल्या. कमांडो पथकांनी त्या युद्धात वापरल्या, आणि १९४८ नंतर मलायाच्या जंगलातील लढ्यातही त्या दिसल्या. हिशेबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या गोळीची शक्ती अवघी ५०० ज्यूल, म्हणजे थ्री-नॉट-थ्रीच्या सहाव्या हिश्शाएवढी. पहारेकऱ्याला जवळून गाठण्यास ती पुरे. मैदानी लढाईत ती निरुपयोगी.

त्याच सुमारास रशियात मिटिन बंधूंनी मोसिन रायफलीसाठी एक साधन केले होते. त्यांच्याच नावावरून ते 'ब्रामित' म्हणून ओळखले जाते. त्यात रबराच्या चकत्या असत आणि कमी दारूचे खास काडतूस वापरावे लागे. जर्मन सैन्याच्या पिछाडीस जंगलात वावरणाऱ्या गनिमांना ते उपयोगी पडले. पण येथे गोळी जुनीच, हलकी. म्हणून पल्ला आखूड. रशियनांना हे शल्य बोचत राहिले असावे, कारण पुढे या दिशेने सर्वांत चिकाटीने काम त्यांनीच केले. १९८७ साली सोव्हिएट दलांत दाखल झालेली 'विन्तोरेझ' ही रायफल मुळातच मुकी म्हणून जन्मली. तिच्या नऊ मिलिमीटर गोळीचे वजन सुमारे १६ ग्रॅम आणि वेग सेकंदास तीनशे मीटरच्या किंचित आत. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या प्रारंभी '.३०० व्हिस्पर' हे काडतूस आले, व्हिस्पर म्हणजे कुजबूज. २०११ साली मान्यता पावलेले '.३०० ब्लॅकआउट' हे त्याच वाणाचे.

या हिशेबाचे शेवटचे टोक रशियात तुला शहरी गाठले गेले. या शतकाच्या आरंभी तेथे सुरक्षादलासाठी 'विख्लोप' नावाची रायफल तयार झाली. तिच्या नळीचा व्यास १२.७ मिलिमीटर आहे, म्हणजे जड मशीनगनीएवढा. तिची सर्वांत जड गोळी सुमारे ७६ ग्रॅमची. आणि वेग मात्र सेकंदास तीनशे मीटरच्याच घरात. गुणाकार करून पाहिला तर शक्ती ३४०० ज्यूलच्या आसपास येते. याचा अर्थ असा की शंभर वर्षांच्या खटाटोपानंतर मुक्या रायफलीने थ्री-नॉट-थ्रीची बरोबरी केली, पण त्यासाठी तिला जवळजवळ सातपट वजनाची गोळी वाहावी लागली. निसर्ग कोणालाही फुकट काही देत नाही. जो वेग सोडतो त्याला वजन उचलावे लागते.

आता राहिला प्रश्न असा की ही शांतता कोणाच्या हाती असावी. बंदुकीचा आवाज झाडणाऱ्याच्या कानाला उपद्रव असतो, परंतु इतर सर्वांना तो इशारा असतो. हे प्रथम कोणाच्या लक्षात आले असेल तर ते अमेरिकेतील मेन संस्थानच्या विधिमंडळाच्या. ज्या १९०९ साली मॅक्झिमला पेटंट मिळाले, त्याच साली त्या जंगलमय प्रदेशाने आवाज दाबणारे साधन लावलेल्या बंदुकीचा वापर कायद्याने निषिद्ध केला. मॅक्झिमच्या मनात असे काही काळेबेरे होते असे दिसत नाही. घराच्या अंगणात नेमबाजी करताना शेजाऱ्यांची झोप मोडू नये, नवशिक्याने बाराला दचकू नये, एवढाच त्याचा रोख होता; माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्याही एका विंचेस्टर बंदुकीवर हे नळकांडे होते. पण १९३४ साली गुंडांच्या टोळ्यांना आळा घालण्यासाठी जो अमेरिकन कायदा झाला त्यात मशीनगनींबरोबर सायलेन्सरही ओढला गेला आणि त्यावर २०० डॉलर कर बसला. हा कर वस्तूच्या किमतीच्या कित्येक पट होता. मॅक्झिमच्या कंपनीने बंदुकीचे सायलेन्सर करणे त्यापूर्वीच सोडून दिले होते व ती इंजिनांचे आणि कारखान्यांचे आवाज दाबू लागली होती. तो स्वतः १९३६ साली वारला. नव्वद वर्षे टिकलेला हा कर २०२५ च्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला. नोंदणीचे बंधन मात्र उठले नाही.

उत्तर युरोपात याच्या उलट प्रकार दिसतो. फिनलंड व नॉर्वे येथील शिकाऱ्यांच्या रायफलींवर हे नळकांडे सर्रास असते, आणि त्याचे समर्थन कानाच्या आरोग्याच्या व शेजारधर्माच्या आधारावर केले जाते. तेथे मोठ्या हरणाच्या शिकारीत मंदगती काडतूस मात्र चालत नाही. फिनलंडचा कायदा १० ग्रॅम वा अधिक वजनाच्या गोळीत १०० मीटरवर निदान २००० ज्यूल शक्ती मागतो, कारण दुबळ्या गोळीने जनावर मरत नाही, जखमी होऊन रानात कुढत राहते. म्हणजे तेथे बार दबतो, कडाका तसाच ठेवला जातो. शिकाऱ्याचा कान वाचतो आणि रानाला इशाराही मिळतो. ही तडजोड शहाणपणाची वाटते.

भारतात प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविलेला आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'अग्निशस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच बंदुकीचा आवाज किंवा झोत कमी करण्यासाठी बनविलेल्या साधनाचा समावेश आहे. त्यामुळे ते नळकांडे एकटे सापडले तरी कायद्याच्या दृष्टीने ती बंदूकच. या कठोरपणाचे कारण कोणाला पाहावयाचे असेल तर त्याने आसामात काझीरंग्याच्या गवताळ रानात जावे. पुरुषभर उंच गवतामुळे तेथे रक्षकाला पन्नास पावलांपलीकडचे दिसत नाही. रात्रीच्या पहाऱ्याचा सारा भरवसा कानांवर असतो. एकशिंगी गेंड्याच्या शिंगासाठी येणाऱ्या चोरट्या शिकाऱ्यांजवळ सायलेन्सर बसविलेल्या .३०३ च्या रायफली सापडल्या आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानात तर गेंड्यांसाठी.३७५ व .४५८ च्या, म्हणजे हत्तीच्या शिकारीच्या जाड नळीच्या रायफलींवर अशी नळकांडी चढविलेली आढळली. रक्षकाच्या हातीही पूर्वी बहुधा तीच थ्री-नॉट-थ्री असे.

चोराची गोळी पूर्ण वेगाची असते, कारण गेंड्याच्या कातड्यापुढे मंद गोळी चालत नाही. त्यामुळे बार दबला तरी कडाका होतोच. गवतात बसलेल्या रक्षकाला तो ऐकू येतो, आणि तो उठून उभा राहतो. पण कोणत्या दिशेने धावावे हे त्याला कळत नाही. ज्या साधनाने एका बहिऱ्या बापाच्या मुलाने लोकांचे कान वाचवू पाहिले, त्याच्यामुळे येथे एका माणसाचे शाबूत कानही फसतात. तरीही २०२२ या सबंध वर्षात आसामात एकही गेंडा चोरट्या शिकाऱ्यांच्या गोळीला बळी पडला नाही. १९७७ नंतर असे वर्ष त्या राज्याने पाहिले नव्हते.